यादीतलं औषध

लोकांना त्यांच्या नशेविषयी प्रश्न विचारणं हे माझं पोटापाण्याचं काम. कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "पण लोक खरं सांगतात?" सांगतात. न सांगणाऱ्यांचंही काही ना काही कळतं. एकच प्रश्नावली निरनिराळ्या देशांत, तिथल्या तिथल्या भाषेत विचारायची. मग कुठे कशाची नशा किती आहे, कुठल्या कायद्याने माणसं वाचली आणि कुठल्या कायद्याने नुसते तुरुंग भरले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचं, असा हा उद्योग. आमची मराठी प्रश्नावली खेड्यात नीट विचारता येते का ते तपासायला मी कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात गेले. मी मूळची साताऱ्याकडची, राहते पुण्यात. आमच्याकडची माणसं विदर्भ म्हटलं की ऊन आणि संत्री यापुढे जात नाहीत. मीही फार पुढे गेलेली नव्हते.

यवतमाळ

उतरले सुनंदाकडे. सुनंदा माझी होस्टेलपासूनची मैत्रीण. तिचे आजोबा वकील, वडील कचेरीत, भाऊ इंजिनियर. घरात बोलणं शुद्ध पुस्तकी, पण जरा चिडली की वऱ्हाडी बाहेर येतं. ती भूल देणारी डॉक्टर होती. आता बऱ्या न होणाऱ्या रोग्यांचं दुखणं तरी कमी व्हावं म्हणून एक छोटं केंद्र चालवते.

पहिल्या संध्याकाळी तिने तुरीच्या ओल्या दाण्यांची आणि वांग्याची भाजी केली होती. इकडे त्या दाण्यांना सोले म्हणतात. आमच्याकडे तूर म्हणजे वरण. तिचे हिरवे दाणे असे तिखट रश्श्यात पोहताना मी पहिल्यांदा पाहिले आणि दुसरी भाकरी मागून घेतली. जेवताना सुनंदा माझी प्रश्नावली चाळत होती.

"यात खर्रा कुठाय?"

"तंबाखूचं सर्वेक्षण वेगळं असतं," मी म्हटलं.

"बरं. आणि मॉर्फिन?"

"ते आहे. अफूच्या गटात, गर्दच्या खाली."

तिने कागद बाजूला ठेवला. "वा! आमच्याकडे लोकांले जे मारून राह्यलं ते यादीत नाही, आणि जे मिळावं म्हणून मी मरून राह्यली ते मात्र आहे."

मी तिला लिस्बनची गोष्ट सांगितली. प्रश्नावली ठरवायला आम्ही सगळे तिथे जमलो होतो. पोर्तुगालमध्ये स्वतःपुरती थोडी नशा जवळ सापडली तर माणसाला गुन्हेगार म्हणून उभं करत नाहीत. एका समितीपुढे बसवतात आणि विचारतात, बाबा, तुला काय मदत हवी? मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. केनियाहून आलेल्या बाईने त्यांच्याकडे चघळतात तो पाला भांडून भांडून यादीत घालून घेतला. मी खर्ऱ्याचा विषय काढला, त्यावर 'तंबाखूत मोडतो' असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. तिथली एक नर्स आम्हाला भेटली होती. मरणाला टेकलेल्या रोग्यांच्या घरी ती मॉर्फिन पिशवीत घालून घेऊन जाते, आपल्याकडे दूधवाला जातो तशी.

"पिशवीत!" सुनंदा म्हणाली. तिच्या केंद्राला ते औषध ठेवायची मान्यता मिळवायला तिने किती उंबरे झिजवले ते मला माहीत होतं. ती उठून ताटं आवरायला लागली.

बाभुळगाव

माझ्या जोडीला वंदना होती, बाभुळगावचीच, एम.ए. झालेली, लग्न होऊन तिथेच राहिलेली. तिची स्कूटी आणि तिची जीभ, दोन्हींना ब्रेक जरा कमी. तिच्यामुळे माझं निम्मं काम झालं आणि, खरं सांगायचं तर, पुढचा घोळही आम्ही दोघींनी मिळूनच घातला.

इकडे दर वळणावर पानठेला. ठेलेवाला सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीत घालतो आणि पाटीवर घासघासून एकजीव करतो. झाला खर्रा. बंदी आहे म्हणतात. पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात ती पुडी असते. पाहुणा आला की पाण्याआधी खर्रा पुढे होतो. नको म्हटलं तर तोंड पडतं. मी एकदा चिमूटभर घेतला. ज्याविषयी विचारायचं ते निदान तोंडात घालून पाहावं, एवढाच विचार. काही क्षणांत कान तापले, झाड जागेवरून सरकलं आणि मी मुकाट्याने मातीत बसले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वंदनाने पाणी आणलं.

"काका, याची नशा होते का हो?" मी बसल्या बसल्याच एका म्हाताऱ्याला विचारलं.

"नशा कायची? ते तं नुसतं तोंडात असते," तो म्हणाला. "नशा म्हंजे दारू. ते नदीपल्याड भेटत नाई, म्हून तिकडचे इकडं येतेत."

नदीपल्याड वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी, अलीकडे दुकानं. देशांची तुलना करायला निघालेली मी, इथे एका नदीच्या दोन काठांचा हिशेब लागत नव्हता.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या नियमाप्रमाणे माणसाला एकट्याला बसवून विचारायचं. पुण्यात दार लावलं की झालं. इथे एखाद्याला आत नेऊन दार लोटलं की बाहेर कुजबुज सुरू. एका घरी तर बायको दाराशी रडवेली उभी राहिली, "काहून हो, यायलेच काहून आत नेलं? काय करतेत हे?" तेव्हा वंदनाने तोड काढली. आधी ओट्यावर सगळ्यांसमोर पूर्ण यादी मोठ्याने वाचायची, म्हणजे कुणावर संशय राहत नाही. मग एकेकाला बाजूला घ्यायचं. मला ते एकदम पटलं. यादीच्या सुरुवातीला 'डॉक्टरांनी दिल्याशिवाय घेतलेले' असे शब्द आहेत आणि वंदना तेही वाचायची. पण पहिलं वाक्य कोण ध्यानात ठेवतं? माणसांना नावं आठवतात.

महागाव

आर्णी मागे टाकून महागावकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो. वेचणाऱ्या बायांच्या कमरेला ओटी बांधलेली आणि मधूनच एखादी पाठ सरळ करायला उभी राहिलेली. महागावपासून आत एका गावात वंदनाची मावशी राहते. गावाचं नाव सांगत नाही. घर शेतीवाडीचं, सुस्थितीतलं, पुढे लांबरुंद ओटा. चहा घेऊ, त्याच ओट्यावर यादी वाचू, असं ठरवून आम्ही गेलो.

मावशीचं नाव शोभाताई. तिचा नवरा देवराव पुढच्या खोलीत बाजेवर होता. गालाचा कॅन्सर, आयुष्यभराच्या खर्ऱ्याचा. आधी तिखट सोसेना, मग तोंड उघडेना. नागपूरला सगळे उपचार झाले आणि आता घरी न्या म्हणून सांगितलेलं. गालावर पंचा बांधलेला, नाकात नळी. उदबत्ती लावली होती, तरी वास लपत नव्हता. बोलणं बंद झालं होतं. कळ आली की तो कपाळ भिंतीला टेकवायचा आणि बाजेची पट्टी मुठीत धरायचा; मूठ पांढरी पडायची.

"रातभर असंच," शोभाताई म्हणाली. "आमी नुसतं पाहून राह्यतो. दुसरं काय करता?"

बाहेर ओट्यावर भेटायला आलेली माणसं बसली होती. देवरावचा धाकटा भाऊ नामदेव त्यांची उठबस करत होता, आणि उठबस म्हणजे काय, तर खर्ऱ्याची पुडी फिरवत होता. माणसं चिमूट घेत, आतल्या बाजूला बघत, म्हणत, "लय वाईट झालं बाप्पा," आणि अंगणात थुंकत. मला इतका संताप आला की मी चहाचा कप खाली ठेवला. पण पाहुणी होते. कामाला लागले. वंदनाने यादी वाचली: दारू, भांग, गांजा, अफू, गर्द, मॉर्फिन, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या. माणसं हसली. गर्द म्हणजे काय, कोण घेतं, यावर गप्पा झाल्या. मग एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. देवरावच्या घरातून उत्तर लिहिलं गेलं, कुठलीही नशा नाही. आमच्या तक्त्यात ते घर स्वच्छ.

संध्याकाळी मी सुनंदाला फोन करून देवरावचं सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी मीच येते. तपासल्याशिवाय मॉर्फिन देता येत नाही." मला हायसं वाटलं आणि मी पुढे उमरखेडला गेले.

उमरखेड

उमरखेड म्हणजे विदर्भाची शेवटची पायरी. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. बोलणंही मध्येच वळतं, दुकानांत हिंदी आणि उर्दू सर्रास. स्टँडजवळच्या हॉटेलात गरम आलूबोंडे खात बसले होते. समोर कुणी नांदेडच्या गाडीला, कुणी यवतमाळच्या. मन मात्र त्या पुढच्या खोलीत होतं. सुनंदा रविवारी जाऊन आली होती. तिने गोळ्या दिल्या, बारीक करून पाण्यातून नळीने कशा द्यायच्या ते शोभाताईला करून दाखवलं, पोट साफ राहायचं औषध दिलं, कागदांवर सह्या घेतल्या. आता तो झोपला असेल, असं मी धरून चालले होते.

दोन दिवसांनी वंदनाचा फोन आला.

"मॅडम, गोळ्या देल्याच नाहीत त्यायनं."

"का?"

"पहिली डॉक्टरीणबाईनं स्वतः देल्ली तेवढीच. मंग नामदेवकाकानं डब्बीवरचं नाव वाचलं. म्हन्ते, हे तं त्या मॅडमच्या यादीतलं हाय. गर्दच्या खालचं. साऱ्या गावानं आयकलं म्हन्ते. मावशी भेते, पोलीस येतीन म्हून." तिचा आवाज चिरकला. "मीच वाचलं ना ते, मॅडम. मोठ्यानं."

नशा मोजायला गेलेली मी, एका माणसाचं औषध बंद करून आले होते.

पुन्हा महागाव

गेले तेव्हा सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. तीच माणसं, तीच पुडी. आतून भिंतीवर काहीतरी आपटल्यासारखा आवाज येत होता. मी ओळखला.

मी बसले आणि सांगायला लागले, की यादीत नाव आहे ते औषध चोरून, दुखणं नसताना घेणाऱ्यांसाठी. डॉक्टरांनी दिलेलं औषध म्हणजे नशा नव्हे. नामदेवने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, आमच्या दादानं जिंदगीत दारूले हात लावला नाई. आता मरतानी त्याले गर्दुल्ला करू काय?"

"त्याला दुखतंय, नामदेवभाऊ."

"दुखते ते दिसून राह्यलं आमाले. आमचा भाऊ हाय तो."

"आणि हे?" माझ्याच्याने राहवलं नाही. त्याच्या हातातल्या पुडीकडे बोट केलं. "याने त्याला हे झालं. हे चालतं?"

नामदेवने पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तुमच्या यादीत कोठं हाय?" तो म्हणाला.

लिस्बनमध्ये 'तंबाखूत मोडतो' म्हटल्यावर मी जी मान सभ्यपणे हलवली होती, ती आता वर होत नव्हती. मी त्या नर्सची गोष्ट सांगून पाहिली, पिशवीची. "तिथल्या गोष्टी तिथं," एक म्हातारा म्हणाला. त्याचं चुकलं असंही मला म्हणवेना.

शोभाताई दाराच्या चौकटीत उभी होती. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोनी असं असतं, तं देल्लं असतं तुमी?"

"दिलं असतं. आणि कुणाला सांगितलं नसतं."

"इथं तं सारं गाव ओट्यावर हाय," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. इतके दिवस न झोपलेल्या माणसाचे असतात तसे.

तेवढ्यात आतला आवाज थांबला. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. देवराव कुशीवर वळला होता आणि त्याने हात पुढे केला होता, तळवा वर, बोटं किंचित वाकवलेली. इकडे खर्रा असाच मागतात. तोंडाने मागायचं नसतं. हात पुढे करायचा, समोरच्याने न बोलता चिमूट ठेवायची. नाही म्हणायची रीत नाही. वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. देवरावचे डोळे नामदेववर होते आणि दुसऱ्या हाताचं बोट फळीवरच्या औषधाच्या डबीकडे.

"दादा," नामदेव म्हणाला, "ते कायचं हाय तुले माईत हाय ना? तू आयकलं ना सारं?"

देवरावने मान हलवली. हात तसाच राहिला. नुसता धरून ठेवायलाही त्याला किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. तरी तो खाली येत नव्हता.

नामदेव उठला. आधी अंगणात जाऊन थुंकला, चूळ भरली. मग फळीवरून डबी काढली, एक गोळी घेतली आणि भावाच्या तळव्यावर ठेवली. देवरावने मूठ मिटली. तीच गोळी मग शोभाताईने वाटीत चमच्याने बारीक केली, पाणी घातलं आणि नळीतून सोडली. सगळा ओटा दारातून बघत होता.

आम्ही बसून राहिलो. माणसं कापसाचं बोलू लागली, तुरीवरच्या अळीचं बोलू लागली, पण कान आत होते. उन्हाची तिरीप ओट्यावरून सरकून गेली तेव्हा देवरावची मूठ सुटली होती आणि कपाळावरची आठी मोडली होती. तो झोपला होता. शोभाताई उंबऱ्यावर बसली आणि तोंड दाबून रडायला लागली. मीही रडले. लपवायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी त्याने खुणेने बाज ओट्यावर काढायला लावली. उन्हात, माणसांत, तो दुपारपर्यंत पडून होता. नळीतून दूध घेतलं. कुणीतरी काहीतरी चावट बोललं तेव्हा त्याचे डोळे हसले. त्या दिवशी त्याच्यासमोर कुणी पुडी काढली नाही. एकेक जण उठून कोपऱ्यावर जात होता आणि तोंडात घालून येत होता.

मी त्या रात्री वरिष्ठांना लिहिलं, की यादी मोठ्याने वाचणं बंद करते आहे, आणि मॉर्फिनचा प्रश्न विचारण्याआधी घरात रोगी आहे का, ते विचारायची परवानगी द्या. खर्ऱ्याविषयीही लिहिलं, या वेळी भांडून. उत्तर आलं, की सूचना चांगल्या आहेत, पण मधेच प्रश्न बदलले तर देशादेशांची तुलना बिघडते. पुढच्या फेरीत विचार करू. यात खोटं काही नाही. तुलना खरंच बिघडते.

यवतमाळ

देवराव त्यानंतर फार दिवस राहिला नाही. पण गेला तो भिंतीवर डोकं आपटत नाही, असं शोभाताईने वंदनाला सांगितलं. झोपेत गेला. मी तोवर उरलेली गावं करत होते.

पुण्याला निघायच्या दिवशी मी सुनंदाच्या केंद्रावर बसले होते, तेव्हा नामदेव आला. डोकं भादरलेलं, पांढरी टोपी. तेरवी झाली, असं म्हणाला. पिशवीतून त्याने औषधाची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"उरलेल्या हायेत. परत कराच्या, असं तुमी सांगतलं होतं, डॉक्टरीणबाई."

सुनंदाने नोंद केली, त्याची सही घेतली. चहा आला, त्याने घेतला. काम संपलं होतं, तरी तो उठेना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"ह्या दुसऱ्या कोनाले देता काय आता?"

"नाही," सुनंदा म्हणाली. "उरलेल्या दुसऱ्याला देता येत नाहीत. नियमाने नष्ट कराव्या लागतात."

"मंग लागल्याच कोनाले, तं नव्या भेटतीन?"

"भेटतील. कोणाला पाहिजेत, नामदेवभाऊ? गावात अजून कोणी आहे?"

तो माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिला.

"तिखट सहन होत नाई," तो म्हणाला. "दिवाळीपासून."

सुनंदाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली, टॉर्च पेटवला आणि त्याला आ करायला सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि जोर लावला. दातांच्या मधून तिचं एक बोट जेमतेम आत गेलं असतं.

"एवढंच उघडते, बाई," तो म्हणाला.